लहान ट्रॅक्टराची घरगुती केबिन

ज्या अंगणात पूर्वी बैलजोडी बांधलेली असे, त्या अंगणात आता पुष्कळ ठिकाणी लहान ट्रॅक्टर उभा दिसतो. 15 ते 30 अश्वशक्तीचे हे यंत्र उसाच्या दोन सऱ्यांमधून जाते, काजू-आंब्याच्या झाडांखालून वळते आणि भाताच्या चिंचोळ्या खाचरात चिखलणीही करते. खानापूरकडील धुवाधार पाऊस असो, ग्वाल्हेरची जानेवारीतील थंडी असो, की बडोद्याचे वैशाखातील ऊन असो, यंत्राचे काम थांबत नाही. त्यावर बसणाऱ्या माणसाला मात्र सारे अंगावर घ्यावे लागते. मोठ्या ट्रॅक्टरांपैकी काहींना कारखान्यातूनच काचांची केबिन मिळते. लहानाला ती क्वचितच मिळते, आणि मिळाली तरी तिची किंमत ऐकून शेतकरी दुरूनच हात जोडतो.

मग विचार मनात येतो तो असा: चार पाइप, एक ताडपत्री आणि गावातला वेल्डिंगवाला एवढे जमले की झाले काम! हा विचार चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर भिजलेला माणूस संध्याकाळी थकून चुका करतो, आणि ट्रॅक्टरवरील चूक ही कुदळीवरील चुकीसारखी स्वस्तात सुटत नाही. निवारा हवाच. पावसाळ्यापूर्वी बसवावा, दिवाळीनंतर उतरवून ठेवावा, असा हलका, घरच्या घरी करता येणारा निवारा कसा करावा, हेच आम्ही आज सांगणार आहोत. पण पाइप कापायला घेण्यापूर्वी एक भेद वाचकांनी नीट समजून घ्यावा. ऊनपावसाचे छप्पर ही एक वस्तू आहे आणि ट्रॅक्टर उलटला असता जीव वाचवणारे छप्पर ही दुसरी. दिसायला दोन्ही सारखीच असतात. घात होतो तो तेथेच.

हा भेद जगाला फार महागात कळला. ट्रॅक्टरला केबिन बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मिनिॲपोलिस-मोलीन या कंपनीने 1938 साली मोटारीसारखी बंद केबिन असलेला ट्रॅक्टर विक्रीस आणला होता. शेतकऱ्यांनी तो पाहिला, वाखाणला आणि घेतला मात्र फार थोड्यांनी. बहुतेकांनी स्वस्त उपाय शोधला. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कॅन्व्हासचे पडदे बांधावयाचे, म्हणजे इंजिनाची ऊब मागे बसणाऱ्याच्या पायांपर्यंत येते. बर्फाच्या प्रदेशांत असे पडदे कित्येक वर्षे सर्रास वापरले जात.

या कॅन्व्हासच्या निवाऱ्याची सर्वात प्रसिद्ध कथा दक्षिण ध्रुवाची आहे. 1953 साली तेनसिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टचे शिखर गाठणारे एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते फर्ग्युसन कंपनीच्या लहान ट्रॅक्टरांवरून. हे ट्रॅक्टर म्हणजे काही ध्रुवासाठी मुद्दाम घडवलेली यंत्रे नव्हती. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री येथे ज्याचे 5 लाखांहून अधिक नग तयार झाले, तोच हा टीई-20 जातीचा, शेतातला साधा ट्रॅक्टर. आजच्या आपल्या लहान ट्रॅक्टरचा तो सख्खा आजोबा म्हणावा. हिलरींच्या मंडळींनी त्याच्या चाकांवर पट्टे चढवले आणि चालकाभोवती कॅन्व्हासचा आडोसा उभारला. त्या आडोशाने वारा अडला, माणसे गारठून मेली नाहीत. परंतु बर्फातील खोल भेगांत ट्रॅक्टर कोसळू नये म्हणून ही यंत्रे एकमेकांना दोराने बांधून चालवावी लागत. वाऱ्याची व्यवस्था कॅन्व्हासने केली, पडण्याची व्यवस्था दोराने. कॅन्व्हासवर त्यांनी जीव टाकला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

युरोपातील शेतकऱ्यांना मात्र तो भेद दिसला नाही. पत्रा, लाकूड आणि काच यांच्या केबिनी थंडीपावसासाठी बनत राहिल्या, आणि ट्रॅक्टर उलटला की माणसासकट चेपल्या जात राहिल्या. स्वीडनने यावर प्रथम कायद्याने इलाज केला. 1959 सालापासून तेथे प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला, उलटल्यावर चालकाचा चेंदामेंदा होऊ न देणारी, कसोटीस उतरलेली कमान किंवा केबिन सक्तीची झाली. 1957 मध्ये त्या देशात दर 1 लाख ट्रॅक्टरांमागे वर्षाला 17 माणसे ट्रॅक्टर उलटून मरत असत. 1990 पर्यंत हे प्रमाण 0.3 वर आले. ब्रिटनने 1967 मध्ये नियम केले आणि सप्टेंबर 1970 पासून नवा ट्रॅक्टर सुरक्षित केबिनीशिवाय विकण्यास मनाई केली. गंमत अशी की, या पहिल्या केबिनींनी जीव वाचवले खरे, पण कान घालवले. चारी बाजूंनी पत्रा असलेल्या पेटीत इंजिनाचा आवाज नगाऱ्यासारखा घुमे. तेव्हा 1976 पासून नव्या केबिनीतील आवाज 90 डेसिबलच्या वर जाऊ नये, असाही नियम तेथे करावा लागला. घरी पत्र्याची पेटी करू पाहणाऱ्याने हा अनुभव फुकट घ्यावा.

आता आपल्या दारातील ट्रॅक्टरकडे वळू. प्रथम सीटच्या मागे जाऊन उभे राहावे आणि पाहावे, तेथे जाड लोखंडाची उलट्या ‘यू’च्या आकाराची कमान आहे काय? काही लहान ट्रॅक्टरांना ही सुरक्षा कमान कारखान्यातूनच येते. आपल्या शेतांतून फिरणाऱ्या पुष्कळ ट्रॅक्टरांना ती मुळीच नाही. त्यांच्या मागे असते ते केवळ छत्रीचे किंवा शोभेच्या हूडचे नळीकाम. ज्याला रंगीत गोंडे आणि झिरमिळ्या बांधता येतात ती प्रत्येक नळी कमान नव्हे.

कमान नसेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे. त्या ट्रॅक्टरवर बंद केबिन करू नये. वर एक हलकी छत्री करावी, चारी बाजू उघड्या ठेवाव्यात, आणि पैसा साठवून आधी विक्रेत्याकडे त्याच जातीच्या ट्रॅक्टरसाठी कंपनीने मान्य केलेली कमान मिळते का, याची चौकशी करावी. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पाइपाची कमान करून घेण्याचा मोह होईल. तो आवरावा. बेळगावच्या उद्यमबागेत उत्तम लोखंडकाम करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला आम्ही नावे ठेवत नाही. पण कमान केवळ मजबूत असून चालत नाही. उलटण्याचा धक्का तिने ठराविक प्रमाणात वाकून स्वतः गिळावा लागतो, आणि धुऱ्याच्या घरापाशी ती जेथे बसवली आहे तो सांधा त्या धक्क्याने तुटून चालत नाही. हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी कमानी दाबून, ठोकून पाहिलेल्या असतात.

बंद केबिनीला कमानीशिवाय विरोध का, हेही सांगितले पाहिजे. मागील चाके चिखलात रुतली आणि अधीर माणसाने चाकाला लाकडाचा ओंडका साखळीने बांधून ॲक्सिलरेटर दाबला की काय होते? चाक फिरू शकत नाही. मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धडच धुऱ्याभोवती फिरू लागते आणि तोंड आकाशाकडे उठते. ओझे नेहमीच्या जागेऐवजी उंचावर बांधून ओढले तरी हाच प्रकार घडतो. तोंड उठू लागल्यापासून ट्रॅक्टर पूर्ण पालथा होईपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो, आणि पाऊण सेकंदानंतर तर त्याला सावरणे अशक्य होते. ‘अरे देवा’ म्हणण्याइतकाही अवधी नाही. बांधावरून एक चाक घसरून ट्रॅक्टर कुशीवर पडण्याचे प्रकार तर याहून अधिक घडतात. अशा वेळी पंचवीस मिलिमीटरच्या पाइपाची केबिन सुपारीच्या खोक्यासारखी चपटी होते, आणि तिच्या दारापडद्यांत अडकलेल्या माणसाला उडी मारण्याची अखेरची संधीही राहत नाही.

कमान असेल, तर निम्मी लढाई जिंकली. मग नियम एकच: केबिन कमानीच्या आधाराने उभी राहील, कमानीला इजा करून नव्हे. कमानीला भोक पाडू नये. तिच्यावर वेल्डिंगचा एक थेंबही पडू देऊ नये, कारण वेल्डिंगच्या आचेने त्या जागचे पोलाद बदलते आणि नेमके तेथेच ते तडकते. कमानीचा तुकडा कापून ‘थोडी उंची वाढवून देतो’ असे कोणी म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवावे. जोडणी करावी ती यू-बोल्टांनी. कमानीच्या दोन्ही खांबांना, वर एक आणि खाली एक, असे चार यू-बोल्ट पुरतात. लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये ट्यूबच्या जुन्या रबराची पट्टी घालावी. तिने खडखडही कमी होतो. नट साधे न घेता आत नायलॉनचे कडे असलेले घ्यावेत. ट्रॅक्टरची थरथर साध्या नटाला आठवडाभरात सैल करते.

पुष्कळ कमानी मधल्या बिजागरीवर मागे दुमडता येतात, म्हणजे फांद्यांखालून जाता येते. दुमडलेली कमान ही कमान नाही, एवढे लक्षात असू द्यावे. केबिन वरच्या भागाला जोडली असेल तर कमान उभीच राहील आणि तिच्या दोन्ही पिना जागच्या जागी असतील, हे ओघानेच आले. ज्याला सकाळी बागेत आणि दुपारी उघड्या शेतात काम आहे, त्याने बागेतील कामाच्या दिवसांत केबिन उतरवूनच ठेवावी.

कमान उभी असेल तर सीटचा पट्टा बांधावा. पट्टा नसेल तर कमानीचा अर्धा उपयोग वाया जातो, कारण माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडू शकतो. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधू नये. हा नियम उलटसुलट वाटतो खरा, पण विचार केला म्हणजे पटतो.

आता बांधणी. थेट लोखंड कापण्यापूर्वी बांबूच्या काठ्या आणि सुतळी घेऊन ट्रॅक्टरवरच सांगाडा बांधून पाहावा. घरातल्या सर्वात उंच चालकाला सीटवर बसवावे आणि डोक्यावर किमान वीतभर जागा ठेवून छपराची उंची ठरवावी. खड्ड्यात चाक गेले की माणूस सीटवरून उडतो. मग त्याने स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावे, क्लच व ब्रेक दाबून पाहावेत, हायड्रॉलिकचा दांडा वरपासून खालपर्यंत न्यावा, आणि मागे वळून अवजाराचे टोक दिसते का ते पाहावे. कोपर किंवा गुडघा जेथे बांबूला लागेल तेथे बांबू हलवावा. बोनेट उघडता आले पाहिजे, तेल पाहण्याची पट्टी काढता आली पाहिजे. हा अर्धा दिवसाचा खेळ शेकडो रुपयांचे लोखंड वाचवतो, आणि मुलांना त्यात मोठी मौज वाटते.

सांगाड्यासाठी 25 मिलिमीटर रुंदीचा, 2 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरेसा आहे. त्याचे वजन मीटरला सुमारे 1.4 किलो भरते. लहान ट्रॅक्टरला एकंदर 20 मीटर पाइप लागतो असे धरले तर सांगाडा 28-29 किलोंचा होईल; दोन माणसे तो सहज उचलतील. ‘मजबुती’ म्हणून 40 मिलिमीटरचा पाइप घेतला तर तेच वजन 48 किलोंवर जाते, आणि उलटताना जीव वाचवण्याची ताकद त्यातही नसतेच. मग ते वजन वाहावे कशाला? वजनाचा प्रश्न केवळ उचलण्यापुरता नाही. समजा, ट्रॅक्टर 700 किलोंचा आहे आणि त्याच्या वजनाचा मध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर आहे. त्यावर 180 सेंटिमीटर उंचीवर 30 किलो ठेवले तर मध्य सुमारे 5 सेंटिमीटर वर सरकतो. 50 किलो ठेवले तर 8 सेंटिमीटर. सपाट शेतात हे जाणवणार नाही. बांधाच्या उतारावर, एक चाक सरीत असताना, ते जाणवेल. म्हणूनच छपरावर वैरणीचा भारा, खताचे पोते किंवा पाण्याची कॅन ठेवू नये.

छप्परही त्याच हिशेबाने निवडावे. सव्वा मीटर रुंद आणि साधारण तितकेच लांब छप्पर म्हणजे दीड चौरस मीटर. 12 मिलिमीटरच्या प्लायवुडचे ते 11-12 किलोंचे होते, आणि दोन पावसाळ्यांत फुगते. अर्ध्या मिलिमीटरचा जस्ताचा पत्रा 6 किलोंच्या आत बसतो, पण उन्हात तापतो आणि पावसात कानठळ्या बसवतो. 6 मिलिमीटरचा पोकळ पॉलीकार्बोनेट पत्रा 2 किलोंच्या आसपास भरतो, आणि आमच्या मते तोच उत्तम. पांढरा किंवा दुधी घ्यावा, निळा घेऊ नये. ताडपत्री सर्वात हलकी व स्वस्त. तिचा दोष हा की ती झोळ खाते. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होते. ताडपत्रीच्या झोळात 2 सेंटिमीटर पाणी साचले तर दीड चौरस मीटरमागे 30 किलो वजन डोक्यावर आले, म्हणजे दुसरा सांगाडाच आला म्हणा ना! तिच्याखाली तीन-चार आडवे वासे किंवा वाकवलेली पट्टी देऊन मध्यभाग उंच ठेवावा. कोणतेही छप्पर मागच्या बाजूला किंचित उतरते असावे, आणि पुढे वीतभर बाहेर काढलेले असावे. त्या वीतभर पडवीने समोरच्या काचेवरचा निम्मा पाऊस टळतो.

समोरच्या पडद्याला घरातील खिडकीची काच कधीही वापरू नये. 4 मिलिमीटरची काच चौरस मीटरला 10 किलो भरते, आणि फुटली तर तिचे सुरे होतात. 3 मिलिमीटरचा सलग, पारदर्शक पॉलीकार्बोनेट पत्रा साडेतीन किलोंच्या थोडा वर भरतो आणि फुटत नाही. त्याच्यावर चरे मात्र पडतात; धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, आधी पाणी ओतावे. हा पुढचा पडदा सांगाड्याला वेगळ्या चार बोल्टांनी जोडावा, म्हणजे उन्हाळ्यात तेवढाच काढून छप्पर ठेवता येते. बाजूचे पडदे ताडपत्रीचेच करावेत, त्यांत पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवून घ्यावी. दप्तरे-तंबू शिवणारा कारागीर हे काम चांगले करतो. पडदे बांधावेत ते एका झटक्यात सुटतील असे. दोरीच्या दहा गाठी मारून आत बसणे म्हणजे स्वतःला पोत्यात शिवून घेणे होय. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडता आले पाहिजे, आणि मागची बाजू तर आम्ही सदैव मोकळीच ठेवू.

मागे पडद्याचे लोंबते टोक नको, याला आणखी एक कारण आहे. रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. ताडपत्रीचे टोक किंवा दोरी त्यात गुंतली तर डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी ती सारा पडदा, आणि पडद्यात सापडलेला हात, ओढून नेईल. साडीचा पदर आणि उपरण्याचे टोक यांनाही हाच नियम लागू आहे.

पुढचे पाय कशावर टेकवावेत? मडगार्डवर नव्हे, त्याचा पत्रा पातळ असतो, आणि थरथरीने तो वर्षाच्या आत चिरतो. पाय ठेवण्याच्या फळीला कारखान्याने बोल्टांची जी भोके दिलेली असतात, त्यांचाच उपयोग करून दोन लहान बैठका बसवाव्यात. सांगाड्याचे पुढील पाय त्या बैठकांत उतरवून आडवी पिन घालावी. मागे चार यू-बोल्ट, पुढे दोन पिना; अर्ध्या तासात केबिन उतरते आणि ट्रॅक्टर होता तसा होतो. तो होता तसा राहणे कायद्याच्या दृष्टीनेही इष्ट आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. केबिन चढवून ट्रॅक्टर रस्त्यावर न्यायचा असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, आणि दिवे, नंबराची पाटी व इंडिकेटर झाकले जाणार नाहीत हे तर न विचारताच पाहावे.

राहिला धूर. आम्हांला या साऱ्या प्रकरणात उलटण्याच्या खालोखाल भय वाटते ते याचे. सायलेन्सर बोनेटमधून वर निघत असेल तर समोरून वारा सुटताच धूर समोरच्या पडद्याखालून आत येतो. खाली निघत असेल तर फळीच्या फटींतून येतो. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली दिला आहे. शिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस म्हणतो, ‘आज थकलो वाटते.’ म्हणून हा निवारा कधीही पेटीसारखा बंद करू नये. छपराखाली चारी बाजूंनी चार बोटांची फट ठेवावी, खालीही ठेवावी, आणि मागची बाजू मोकळी राहू द्यावी. थंडीतही हाच नियम. पायांना ऊब हवी असेल तर जाड मोजे घालावेत. केबिनीत शेगडी नेण्याचा विचारही करू नये. सायलेन्सरपासून ताडपत्री किमान हातभर दूर असावी आणि तिचे टोक वाऱ्याने तिकडे उडणार नाही असे बांधलेले असावे.

औषध फवारणीविषयी थोडेसे. कारखान्यात बनलेल्या काही केबिनींत हवा गाळून आत येते. आपल्या ताडपत्रीच्या केबिनीत ती तशीच येते आणि आतच कोंडते. तेव्हा फवारणीच्या दिवशी पडदे लावून ‘आत सुरक्षित आहोत’ असे समजणे उलट घातक आहे. त्या दिवशी पडदे गुंडाळावेत, तोंडाला योग्य मुखवटा व हातांत मोजे घालावेत, आणि काम झाल्यावर छप्पर, सीट व स्टिअरिंग साबणाच्या पाण्याने धुवावे.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. रविवारी मिस्सेला जाताना किंवा फेस्ताच्या दिवशी ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांवर दोन-तीन लेकरे बसलेली आपण नेहमी पाहतो. छप्पर झाले की हा मोह वाढतो. पोरे भिजत नाहीत, आईबाप निश्चिंत असतात. कमान रक्षण करते ती पट्टा बांधून सीटवर बसलेल्या एका माणसाचे. मडगार्डवरच्या मुलाला ती काहीही देऊ शकत नाही, आणि मोठे चाक त्याच्या पायापासून वीतभरावर फिरत असते. लहान ट्रॅक्टरवर सीट एकच असते, यातच त्याच्या कर्त्याने काय ते सांगून ठेवले आहे.

केबिन पहिल्यांदा चढवल्यावर लगेच कामाला जुंपू नये. रिकाम्या ट्रॅक्टरने अंगणात दोन फेऱ्या माराव्यात, मग बांधाजवळ, मग अवजार जोडून. तासाभराने सारे नट पुन्हा आवळावेत; पहिल्या तासात रबर दबते आणि बोल्ट सैल होतात. ट्रॅक्टरची उंची आता वाढली आहे, तेव्हा गोठ्याची तुळई, अंगणातील फणसाची फांदी आणि विहिरीच्या मोटारीकडे गेलेली विजेची तार यांची उंची आधी पाहून ठेवावी. खोल नांगरटीत किंवा खाजणाच्या बांधावर काम असेल त्या दिवशी पडदे काढून केवळ छप्पर ठेवणे आम्ही पसंत करू. खाली पाण्याचा चर असताना भोवती जितके कमी कापड, तितके बरे.

पाऊस संपल्यावर केबिन गोठ्याच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली की तिच्यावर कोंबड्या बसतात आणि मार्गशीर्षापर्यंत पाइप वाकतात. त्यापेक्षा आढ्याला दोन कप्प्या बांधाव्यात, ट्रॅक्टर खाली आणून उभा करावा, यू-बोल्ट व पिना सोडाव्यात आणि सांगाडा दोराने वर ओढून घ्यावा. पुढच्या जूनमध्ये ट्रॅक्टर त्याच जागी आणून सांगाडा खाली सोडला की एकटा माणूसही तो बसवू शकतो. पडदे मात्र धुऊन, पूर्ण वाळवून, गुंडाळून घरात ठेवावेत, कारण उंदराला ताडपत्री फार आवडते. नट, बोल्ट, पिना आणि रबराच्या पट्ट्या तेल लावून एका डब्यात घालाव्यात, आणि तो डबा सांगाड्यालाच तारेने बांधून टाकावा.